जलमापक आणि नागपूरकर गृहस्थ

घरगुती पाण्याच्या मीटरचा विचार करताना प्रथमच हे नमूद केले पाहिजे की, नागपूर शहरात असे मीटर लावावे की लावू नये हा प्रश्न कागदोपत्री केव्हाच निकाली निघालेला आहे, आणि बहुधा त्यामुळेच तो घरोघरी आजही मोठ्या हिरिरीने चर्चिला जातो. महानगरपालिकेने २०११ साली ऑरेंज सिटी वॉटर या कंपनीशी २५ वर्षांचा करार केला, १ मार्च २०१२ पासून शहराच्या पाणीपुरवठ्याचे काम या कंपनीकडे गेले, आणि जुन्या घरगुती जोडण्या बदलून त्यांवर मीटर बसवणे हे चोवीस तास पाणी देण्याच्या त्या योजनेचेच एक अंग होते. धरमपेठ झोनमध्ये तर हा प्रयोग त्याच्याही आधी सुरू झाला होता. तरीही, मुलीच्या लग्नाच्या पत्रिका वाटून झाल्यावर स्थळाची चौकशी सुरू करावी, त्याप्रमाणे नागपुरातील कुटुंब रात्रीची जेवणे आटोपल्यावर मीटर हवे की नको या प्रश्नाचा पहिल्यापासून विचार करू लागते. या विचाराला कायदेशीर मोल काहीच नसले तरी त्याचे सामाजिक मोल मोठे आहे, कारण पाण्याचा हिशेब मांडायला बसलेले घर थोड्याच वेळात एकमेकांचा हिशेब मांडू लागते.

ज्या यंत्रावरून हे सारे घडते ते तळहातावर मावेल एवढेच असते. फाटकाजवळच्या कोपऱ्यात, तुळशीच्या कुंडीमागे किंवा मोटारसायकलच्या चाकाआड, जमिनीपासून वीतभर उंचीवर ते बसवलेले असते, आणि वरचे झाकण उचलले की आधी कोळ्याचे जाळे, मग धूळ आणि सर्वांत शेवटी आकडे दिसतात. काळे आकडे घनमीटर दाखवतात. एक घनमीटर म्हणजे १,००० लिटर, आणि बिलाच्या भाषेत त्यालाच एक युनिट म्हणतात. तांबडे आकडे किंवा तांबडे काटे त्याहून लहान माप दाखवतात. या सर्वांच्या शेजारी चांदणीच्या आकाराचे एक चिमुकले चक्र असते, ते नळातून पाण्याची बारीकशी धार सुरू झाली तरी फिरू लागते, आणि घरातील सगळे नळ बंद असूनही ते फिरत असेल तर कुठेतरी गळती आहे हे ओळखावे, एवढा साधा त्याचा अर्थ आहे. आतली रचनाही सोपी आहे: वाहते पाणी एक पंख्यासारखी चकती फिरवते, तिच्या फेऱ्या दातेरी चाकांमार्फत आकड्यांपर्यंत पोचतात. यंत्राला पाणी कोणी वापरले, कशासाठी वापरले आणि वापरणाऱ्याचा घरातील मान किती, यांपैकी काहीही कळत नाही. घरातील ज्येष्ठांचा त्याच्यावरील राग मुळात या निःपक्षपातीपणावरच असतो.

मीटर नव्हते तेव्हा पाण्याचे पैसे कसे ठरत, हा इतिहासही बोधप्रद आहे. इसवी सन ९७ मध्ये रोम शहराच्या पाणीपुरवठ्याचा प्रमुख म्हणून नेमल्या गेलेल्या फ्रॉन्टिनस या अधिकाऱ्याने आपल्या खात्याची जी तपशीलवार माहिती लिहून ठेवली आहे, तिच्यावरून असे दिसते की, त्या काळी पाण्याचे माप नळाच्या तोंडाच्या आकारावरून धरले जाई आणि पाणी किती वेगाने येते ते त्यात मोजले जात नसे. त्याच माहितीत खात्यातीलच माणसे रस्त्याखालून मुख्य वाहिनीला भोके पाडून चोरून पाणी देत असल्याची तक्रारही आहे. अर्धा इंची जोडणी मंजूर करून घेऊन पाऊण इंची पाइप टाकणाऱ्या, किंवा रस्ता खोदलेला दिसताच प्लंबरशी हळू आवाजात बोलू लागणाऱ्या नागपूरकरास हे वाचून परकेपणा वाटण्याचे कारण नाही. दोन हजार वर्षांत तंत्रज्ञान पुष्कळ बदलले. फेरूल, म्हणजे मुख्य वाहिनीला छिद्र पाडून घरची नळी जोडणारा पितळी तुकडा, हा कोणाच्या ओळखीने कोणत्या आकाराचा बसतो, याविषयीचे कुतूहल मात्र तेवढेच ताजे आहे.

इंग्लंडमध्ये मीटर घ्यावे की नाही हा निर्णय पुष्कळ काळ खरोखरच घरमालकाच्या हाती होता. तिकडे जुन्या घरांची पाणीपट्टी घराच्या करयोग्य मूल्यावरून ठरते, मात्र ज्याला हवे त्याने मीटर मागून घ्यावे आणि पसंत न पडल्यास ठरावीक मुदतीत जुन्या पद्धतीकडे परत जावे, अशी सोय ठेवण्यात आली. घरात झोपण्याच्या खोल्या माणसांपेक्षा जास्त असतील तर मीटर परवडते, असा तेथील एक लोकप्रिय आडाखा आहे. हा आडाखा नागपुरास लावता येत नाही, कारण येथे खोल्यांची संख्या स्थिर असली तरी माणसांची नसते. वर्षभर पाच जणांचे असलेले घर शाळांना उन्हाळ्याची सुट्टी लागताच अकरा जणांचे होते, लग्नसराईत त्याचे तेवीस होतात, आणि झोपण्याची खोली कोणती या प्रश्नाचे उत्तर मे महिन्यात ‘गच्ची’ असे असते. अशा घराचा पाण्याचा खर्च आगाऊ काढणे हे गणिताचे काम राहत नाही, ते पंचांगाचे होते.

तरीही मीटरविरोधकांनी गणित मांडलेले असतेच. शहरातील माणसाला दिवसाला १३५ लिटर पाणी मिळावे, असा केंद्र सरकारच्या मार्गदर्शक तत्त्वांतील एक प्रचलित निकष आहे. त्याप्रमाणे पाच जणांच्या घराला महिन्याला २०,२५० लिटर, म्हणजे सुमारे २० युनिट पाणी लागते. येथपर्यंत कोणाचेही दुमत नसते. पुढे मात्र असे निघते की, हा निकष जेथे बसून ठरवला तेथे कूलर नसावा. २०१३ च्या मे महिन्यात नागपूरचे तापमान ४७.९ अंश सेल्सिअसपर्यंत गेले होते, आणि २५ मेच्या सुमारास सुरू होणारे नवतपाचे नऊ दिवस हे विदर्भात एखाद्या ऋतूसारखे स्वतंत्रपणे मोजले जातात. या काळात खिडकीबाहेर लोखंडी स्टँडवर बसवलेला पत्र्याचा कूलर हा कुटुंबातील सर्वांत मोठा जलभक्षक सदस्य असतो. वाळ्याच्या किंवा लाकडी भुशाच्या जाळ्यांवरून ओघळणारे पाणी कोरड्या हवेत वाफ होऊन जाते आणि जाताना उष्णता घेऊन जाते, हे त्याचे तत्त्व. हवा जितकी कोरडी तितका गारवा जास्त आणि तितकेच पाणीही जास्त. म्हणूनच नागपुरात ज्या दिवशी कूलर सर्वांत सुखद लागतो त्याच दिवशी मीटर सर्वांत जोरात फिरते, आणि पावसाळा सुरू होऊन कूलर निरुपयोगी झाला की, घरचा कर्ता पुरुष मीटरकडे बघून पाणी बचतीचे श्रेय स्वतःकडे घेतो.

कूलरच्या खालोखाल सड्याचा क्रमांक लागतो. उन्हे उतरल्यावर अंगणात आणि गच्चीवर पाणी मारणे ही नागपुरातील केवळ सवय नसून ती सायंकाळची सार्वजनिक घोषणा असते. पाइप हातात धरून उभ्या असलेल्या गृहस्थाशी रस्त्यावरून जाणारा प्रत्येक परिचित दोन शब्द बोलतो, आणि प्रत्येक संभाषणास सरासरी अर्धी बादली पाणी लागते. घराचे बांधकाम सुरू असेल तर तराई, म्हणजे ताज्या सिमेंटकामावर दिवसचे दिवस पाणी मारण्याची क्रिया, याच जोडणीवर चालते, आणि ठेकेदार तिच्या वेळी हमखास म्हणतो की, ‘साहेब, पाणी कमी मारलं तर भिंत तडकते, मग मले बोलू नका.’ भिंत आणि बिल यांत एक काय ते निवडायचे असल्याने गृहस्थ भिंत निवडतो आणि बिलाचा राग मीटरवर काढतो.

मीटरविषयीच्या मतांचे या शहरात काही ठळक संप्रदाय पडतात. त्यांतील सर्वांत मोठा आणि सर्वांत जुना संप्रदाय हवावाद्यांचा होय. नळाला पाणी येण्यापूर्वी रिकाम्या वाहिनीत साठलेली हवा जोराने बाहेर पडते, त्या हवेनेच मीटरची चकती गरगर फिरते आणि नागरिकांना हवेचे पैसे भरावे लागतात, असा या संप्रदायाचा सिद्धान्त आहे. ‘पाणी तं करंगळीएवढं येते अन् मीटर हवेवरच फिरून राह्यलं ना भाऊ!’ हे त्याचे घोषवाक्य आठही प्रहर ऐकू येते. या सिद्धान्ताकडे तुच्छतेने पाहणे योग्य नाही, कारण तो बराचसा खरा आहे. ज्या भागात ठरावीक तासच पाणी सोडले जाते तेथे वाहिनी दररोज रिकामी होते, पुन्हा भरताना तिच्यातील हवा घराघरांच्या नळांतून निघते आणि मीटरला हवा व पाणी यांतील भेद कळत नाही. यावरचा उपाय वाहिनीवर हवा सोडणारे व्हॉल्व्ह बसवणे आणि मुळात वाहिनी कायम भरलेली ठेवणे हा आहे. म्हणजे हवावाद्यांच्या तक्रारीतून निघणारा निष्कर्ष चोवीस तास पाणी हवे असा असायला हवा. प्रत्यक्षात तो मीटर नको असा काढला जातो, आणि या दोन्हींमधील अंतर कापायला आजवर कोणालाही सवड मिळालेली नाही.

दुसरा संप्रदाय पाणी देवाचे मानणाऱ्यांचा आहे. पाऊस आकाशातून पडतो, त्याला कोणी मीटर लावत नाही, मग नळालाच का लावावे, असा त्यांचा युक्तिवाद असतो. तो ऐकताना नळाचे पाणी घरापर्यंत कोठून येते हे आठवणे उपयोगी ठरते. एकोणिसाव्या शतकात अंबाझरी तलावाचे पाणी शहराला पुरले, विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात गोरेवाड्याची आणि कन्हान नदीची भर पडली, आणि शहर वाढत गेल्यावर पेंच प्रकल्पाकडे वळावे लागले. आज नागपूर मुख्यतः पेंच आणि कन्हान यांवर जगते. पेंचचे पाणी तोतलाडोह आणि नवेगाव खैरी येथील धरणांतून, कालव्याने आणि मोठ्या वाहिन्यांनी कित्येक किलोमीटर प्रवास करून गोरेवाडा परिसरातील शुद्धीकरण केंद्रांवर पोचते, तेथे तुरटी, वाळू आणि क्लोरीन यांच्या संस्कारातून निघते, पंपांनी उंच टाक्यांत चढवले जाते आणि मग गल्लीत उतरते. देवाचे पाणी तोतलाडोहात पडते हे खरे. तेथून ते शहराच्या महाल भागातील वाड्याच्या दुसऱ्या मजल्यावर पोचवण्याचे विजेचे बिल देव भरत नाही.

२०१९ च्या जुलैमध्ये तर या वादाची परीक्षाच झाली. पाऊस लांबला, तोतलाडोहातील उपयुक्त साठा संपला, त्याच नदीवर वरच्या बाजूस मध्य प्रदेशात चौराई येथे झालेल्या धरणामुळे खाली येणारे पाणीही आटलेले होते, आणि शहरात एक दिवसाआड पाणी सोडावे लागले. त्या दिवसांत शहरातील प्रत्येक माणूस पाणी मोजत होता. बादल्या मोजल्या गेल्या, ड्रम मोजले गेले, माजघरातील पितळी गुंड वर्षानुवर्षांनी घासून भरले गेले आणि कोणाच्या अंघोळीस किती तांबे लागतात याची नोंद घरातल्या सर्वांत लहान मुलानेही ठेवली. मापनाला ज्यांचा तात्त्विक विरोध होता त्यांनीही मापन अत्यंत काटेकोरपणे केले. फक्त ते दुसऱ्यांच्या तांब्यांचे होते.

तिसरा संप्रदाय हा मताने नव्हे तर यंत्राने बोलतो. टिल्लू पंप या नावाने ओळखली जाणारी छोटी मोटर थेट नळाला जोडून वाहिनीतील पाणी ओढून घेण्याची प्रथा शहरात जुनी आहे, ती बेकायदा आहे, आणि असे पंप जप्त करण्याच्या मोहिमाही वेळोवेळी निघतात. एकाने पंप लावला की शेजाऱ्याच्या नळाची धार बारीक होते, म्हणून शेजारी लावतो, म्हणून पलीकडचा लावतो, आणि शेवटी गल्लीतील प्रत्येक घरात पंप असूनही प्रत्येकाला पूर्वीइतकेच पाणी मिळते, फरक एवढाच की आता त्यासाठी विजेचे बिलही येते. शिवाय दोन्हीकडून ओढ लागलेल्या वाहिनीत गळतीच्या जागी बाहेरचे गढूळ पाणी आत शिरू शकते, तो धोका वेगळाच. मीटर असलेल्या घरातील टिल्लूधारकाची स्थिती विशेष करुण असते, कारण तो शेजाऱ्यांचे पाणी जितक्या जोराने ओढतो तितक्याच प्रामाणिकपणे त्याचे मीटर त्याच्याच नावावर ते मांडत जाते.

चौथा संप्रदाय सूक्ष्म प्रवाहवाद्यांचा. प्रत्येक मीटरला एक किमान प्रवाह असतो, म्हणजे ज्याच्या खाली ते अचूक मोजेल याची हमी नसते. घरगुती मीटरांसाठीच्या आय. एस. ७७९ या भारतीय मानकाप्रमाणे अर्धा इंची, ब वर्गाच्या मीटरसाठी हा प्रवाह तासाला सुमारे ३० लिटर धरला जातो. त्यावरच्या टप्प्यात सुरुवातीला ५ टक्के आणि पुढे २ टक्के इकडेतिकडे एवढी चूक मान्य असते. हे ज्ञान मानक न वाचताही शहरात सर्वदूर पसरले असून, रात्री नळ धाग्याएवढा उघडा ठेवावा, खाली ड्रम ठेवावा, सकाळी ड्रम भरलेला आणि मीटर झोपलेले आढळते, असा त्याचा प्रयोग आहे. प्रयोगातील अडचण अशी की, ड्रम पहाटे चार वाजताच भरतो, उरलेले पाणी न्हाणीत वाहून जाते, आणि थेंबथेंब मोजणारे नवे मीटर असेल तर तेही बिलात येते. गंमत म्हणजे गच्चीवरील टाकीचा तरंगता व्हॉल्व्ह टाकी भरत आली की आपोआपच अशी बारीक धार सोडतो, त्यामुळे अनेक सज्जन गृहस्थ आयुष्यभर अजाणता या संप्रदायाचे अनुयायी असतात.

मत आणि यंत्र यांच्या पलीकडे नात्यांचा प्रश्न येतो, आणि मीटरचा निर्णय खरा अडतो तो तेथेच. जुन्या घरात खाली मालक, वर भाडेकरू आणि जोडणी एकच असेल तर महिन्याचे बिल निम्मे निम्मे करण्याचा रिवाज असतो. यात वर राहणारे दोघे आणि खाली राहणारे सात असल्यास भाडेकरूस स्वतंत्र मीटरची आवश्यकता तीव्रतेने जाणवू लागते, तर मालकास ‘आपण काय परके आहोत का?’ हे आठवते. मालकाची खरी भीती निराळीच असते: पाण्याचे बिल हा पत्त्याचा पुरावा म्हणून चालतो, आणि भाडेकरूच्या नावाने बिल निघाले की घर रिकामे करून घेताना तोच कागद पुढे येईल, या धास्तीने तो निम्म्याहून जास्त पाण्याचे पैसे वर्षानुवर्षे आनंदाने भरतो. भावाभावांच्या वाटणीत क्रम उलटा असतो. चूल वेगळी होते, विजेचे मीटर वेगळे होते, देवघराची वाटणी होते, आणि पाण्याचे मीटर वेगळे करण्यासाठी अर्ज गेला की सारी आळी समजते की आता हे भाऊ दिवाळीलाही एकत्र जेवायचे नाहीत.

फ्लॅट स्कीममध्ये, म्हणजे एकाच इमारतीत अनेक सदनिका असलेल्या गृहरचनेत, बहुधा साऱ्या इमारतीस मिळून एकच मोठे मीटर असते आणि बिलाची विभागणी सोसायटीने करायची असते. विभागणी सदनिकेनुसार करावी तर एकटे राहणारे निवृत्त शिक्षक हरकत घेतात, माणसांनुसार करावी तर गावाहून आलेले सासूसासरे पाहुणे की सदस्य यावर ठराव मांडावा लागतो, आणि नळांच्या संख्येनुसार करावी असे कोणी सुचवल्यास वार्षिक सभा चहा होण्यापूर्वीच संपते. अशा सभांचे इतिवृत्त वाचणाऱ्यास असे आढळते की, प्रत्येक सदनिकेस स्वतंत्र उपमीटर बसवावे यावर सर्वांचे एकमत असते, आणि त्याचा खर्च कोणी करावा यावरही असते: तो बिल्डरने करावा, जो इमारत देऊन कधीच निघून गेलेला असतो.

मीटर बसल्यानंतरचे वर्तन निरीक्षकांना विशेष उद्‌बोधक वाटेल. पहिल्या महिन्यात घराचा कर्ता पुरुष सकाळ-संध्याकाळ झाकण उघडून आकडे वहीत उतरवतो, दात घासताना नळ सुरू ठेवणाऱ्या मुलास हाक मारतो आणि भांडी घासणाऱ्या बाईंना ‘ताई, धार थोडी बारीक करा’ असे सांगून त्यांच्या गैरहजेरीचा धोका ओढवून घेतो. ‘नळ आले’ अशी हाक झाल्यावर कालचे पाणी शिळे म्हणून मोरीत ओतून ताजे भरण्याची पूर्वापार रीत याच महिन्यात प्रथम वादाच्या भोवऱ्यात सापडते. काल ज्या नळातून ते आले त्याच नळातून आज येते, मग ते एका रात्रीत शिळे कसे झाले, या प्रश्नावर आजी शांतपणे म्हणतात, ‘तुले नाही समजत बाप्पा.’ दुसऱ्या महिन्यात वही हरवते. तिसऱ्या महिन्यात बिल येते, ते वाढलेले असते, आणि त्याचे कारण मीटर जोरात फिरते हे असल्याचे सर्वानुमते ठरते.

वास्तविक बिल वाढण्याची कारणे बिलावरच छापलेली असतात. नागपुरात पाण्याचा दर टप्प्याटप्प्याने चढणारा आहे. वापर जसा वाढतो तसे वरच्या टप्प्यातील युनिट महाग पडते, म्हणजे जास्त वापरणाऱ्याने जास्त दराने भरावे असा त्यामागील हेतू आहे. शिवाय महापालिकेच्या उपविधीत दरवर्षी ५ टक्के दरवाढीची तरतूद आहे. याखेरीज मीटर बंद पडले असेल, काच धुरकटली असेल किंवा रीडिंग घ्यायला आलेल्या माणसास कुत्र्याने फाटकाबाहेरच थोपवले असेल तर सरासरी बिल निघते, म्हणजे आधीच्या वापरावरून अंदाजाने आकारलेले बिल. बंद मीटरचे भवितव्य घरमालकाच्या स्वभावावर ठरते. सरासरी वापरापेक्षा कमी आली तर बंद मीटरची तक्रार करणे हे घाईचे लक्षण मानले जाते, आणि जास्त आली तर त्याच दिवशी झोन कार्यालयाची पायरी चढली जाते. काही ठिकाणी प्रश्न परस्परच सुटतो, कारण पितळी मीटर चोरीस जाण्याच्या बातम्या या शहराला नव्या नाहीत. मोजमापास विरोध करणाऱ्यांत भंगारवाला हा एकटाच असा आहे की ज्याने कृती केली.

थकबाकीदारांचा वर्ग येथे स्वतंत्रपणे नोंदवला पाहिजे. महापालिका अधूनमधून अभय योजना जाहीर करते, म्हणजे जुनी थकबाकी एकरकमी भरल्यास दंड किंवा व्याज यांत सूट देते. वसुली व्हावी हा हेतू चांगलाच आहे, परंतु ठरलेल्या तारखेस नियमितपणे बिल भरणाऱ्या गृहस्थास आपण इतकी वर्षे घाई केली असे वाटू लागते, आणि मीटरचा आकडा कितीही अचूक असला तरी पुढील योजनेची तारीख त्यात दिसत नाही, हा त्याचा एकमेव दोष त्याच्या लक्षात येतो.

मीटरविरोधकांच्या एका मुद्द्यास मात्र कोणत्याही विनोदाने बगल देता येणार नाही. शुद्धीकरण केंद्रातून निघालेल्या पाण्यापैकी ज्याचे पैसे कधीच मिळत नाहीत त्याला गैरमहसुली पाणी म्हणतात; गळकी वाहिनी, चोरून घेतलेली जोडणी, बिघडलेले मीटर आणि मुळातच न मोजलेला वापर हे सारे त्यात येते, आणि नागपुरात हा वाटा दीर्घकाळ मोठा राहिलेला आहे. चौकात फुटलेल्या वाहिनीचे पाणी तिसऱ्या दिवसापर्यंत रस्ता धूत असेल, तर त्याच रस्त्यावरच्या घरात धार बारीक करा असे सांगणे जड जाते. आयर्लंडमध्ये २०१४ च्या सुमारास लाखो घरांबाहेर मीटर बसवून पाण्याचे पैसे आकारायला सुरुवात झाली, त्यावर प्रचंड मोर्चे निघाले, २०१६ मध्ये आकारणी स्थगित झाली आणि भरलेले पैसेही लोकांना परत मिळाले. मीटर जमिनीत तसेच राहिले. उलट सातारा जिल्ह्यात कराडशेजारी असलेल्या मलकापूरने छोट्याशा नगरपंचायतीच्या बळावर मीटरसह चोवीस तास पाणी देऊन दाखवले. दोन्ही उदाहरणांतून एवढेच निघते की, नळाला पाणी वेळेवर आणि दाबाने आले की माणसे मीटर सहन करतात, आणि रस्त्यावरची गळती डोळ्यांसमोर वाहत राहिली की करत नाहीत.

तथापि, गल्लीत किती पाणी मुरते हे शोधण्याचाही मार्ग मीटरमधूनच जातो. एका भागास सोडलेले पाणी आणि त्या भागातील सर्व घरांच्या मीटरांनी मोजलेले पाणी यांची वजाबाकी केली की मधले गायब पाणी हाती लागते. घरात मीटरच नसेल तर ही वजाबाकी मांडता येत नाही आणि फुटक्या वाहिनीचा सारा दोष ‘लोक फार पाणी वापरतात’ या वाक्यावर ढकलणे सोपे जाते. म्हणजे मीटर नाकारणारा गृहस्थ ज्या यंत्रणेवर चिडलेला असतो तिलाच तो एक सोयीची सबब मिळवून देत असतो. त्यामुळे घरात मीटर असावे, चालू असावे, आणि त्यावरून भांडण काढायचेच झाले तर ते भाडेकरूशी, भावाशी किंवा भांडी घासणाऱ्या बाईंशी न काढता हातात आकडे घेऊन झोन कार्यालयात काढावे, असाच निर्णय या विवेचनाअंती द्यावा लागतो.

त्यासाठी वाचकांनी फार काही करायचे नाही. आज रात्री निजण्यापूर्वी घरातील सगळे नळ आणि गच्चीवरच्या टाकीचा व्हॉल्व्ह बंद करावा, फाटकाजवळ जाऊन झाकण उचलावे आणि ते चिमुकले चक्र दोन मिनिटे पाहावे. ते थांबलेले असेल तर शांतपणे झोपावे. फिरत असेल तर सकाळी प्लंबरला बोलवावे, कारण सेकंदाला एक थेंब गळणारा नळही दिवसाला सुमारे २० लिटर पाणी घालवतो, आणि पुढच्या बिलात हवेचे पैसे म्हणून जी रक्कम दिसणार असते तिच्यातील बरीचशी संडासाच्या फ्लशमधून गेलेली असते.